ग्रीस लावलेली बंदूक

कुणी मला 'हे तुम्हाला जमेल का?' असं विचारलं की माझं डोकं फिरतं. जमेल का म्हणजे काय? टूलरूममध्ये लेथवर उभं राहून ज्याचे पाय सुजले, त्याला हा प्रश्न? मग मी ताडकन ते काम अंगावर घेतो आणि घरी आल्यावर विचार करत बसतो की च्यायला, हे करतात कसं. बायकोनं लग्नाच्या पहिल्याच वर्षी ओळखलं होतं की ह्या माणसाचे हात बरे आहेत, पण जीभ हातांच्या दोन पावलं पुढं चालते. ती आमच्या मिरजेकडचीच. त्यामुळं जे वाटतं ते बोलून मोकळी होते.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी महाप्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात टूलरूमला होतो. राहायला जवळच्याच एका आगरी गावात दोन खोल्या भाड्यानं घेतल्या होत्या. नव्या शहरातले फ्लॅट तेव्हा बांधून होत होते, पण तिथं पाणी यायचं नाही आणि दिवे गेले की तिसऱ्या दिवशी यायचे. गावात निदान विहीर होती. घरमालक साठी उलटलेले, काळेसावळे, ताठ. सगळा गाव त्यांना 'दादूस' म्हणायचा, म्हणजे थोरला भाऊ. आम्हीही तेच म्हणायला लागलो. ते मला मिस्त्री म्हणायचे. मी टूलरूमचा माणूस आहे, मिस्त्री नाही, हे मी त्यांना सुरुवातीला समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, मान हलवली आणि म्हणाले, बरा, मिस्त्री.

दादूसची भातशेती नव्या शहरासाठी गेली होती. ओटीवर बसलं की समोर दिसायची ती जागा. भाताच्या खाचरांत इमारतींचे पिलर उभे होते आणि वर सळया निघालेल्या होत्या. शेत होतं तेव्हा डोंगरातून रानडुकरं उतरायची, म्हणून त्यांच्या वडिलांपासून घरात एक ठासणीची बंदूक होती, रीतसर परवान्याची. पण डुकरांपेक्षा त्या बंदुकीचं मोठं काम वेगळं होतं. चैत्रात गावदेवीची जत्रा असते. पालखी देवळातून निघते आणि वेशीवर येऊन थांबते. दादूसच्या घरच्या बंदुकीचा बार झाल्याशिवाय ती वेस ओलांडत नाही. हा त्या घराचा मान. बार म्हणजे नुसती दारू आणि वर चिंध्यांचा बोळा, गोळी नाही. पण आवाज असा की डोंगरावरचे कावळे उठायचे, असं दादूसची बायको सांगायची.

आदल्या वर्षी तो बार झालाच नव्हता. दादूसनी चाप ओढला, नुसतं चट् झालं. पुन्हा ओढला, पुन्हा चट्. पालखी खांद्यावर घेऊन माणसं ताटकळली. शेवटी मंडळाच्या तरण्या पोरांनी एक सुतळी बॉम्ब पेटवला आणि म्हणाले, चला, आवाज झाला ना, उचला पालखी. पालखी गेली. दादूस देवळाकडं गेलेच नाहीत. घरी येऊन भिंतीकडं तोंड करून झोपले आणि दोन दिवस जेवले नाहीत.

या वर्षी तर आणखी एक झालं. त्यांना पोलीस ठाण्यात बोलावून सांगितलं की परवाना शेताच्या राखणीचा आहे, आता शेतच नाही, तेव्हा बंदूक जमा करा. साहेब माणूस सज्जन होता. दादूसनी हात जोडून मुदत मागितली, त्यानं जत्रेपर्यंत दिली. म्हणजे यंदाचा बार शेवटचा. तो त्यांना त्यांच्याच बंदुकीतून, त्यांच्याच हातानं उडवायचा होता. मुंबईतल्या बंदुकीच्या दुकानात जाऊन आले, तर दुकानदार म्हणाला, बाबा, याचे भाग आता कुणी बनवत नाही, भिंतीला टांगून ठेवा.

एका रविवारी सकाळी ते जुन्या लुगड्यात गुंडाळलेली बंदूक घेऊन आमच्या दारात उभे राहिले. हे सगळं त्यांनी मला सांगितलं, ओटीवर बसून, माझ्याकडं न बघता. मग विचारलं, "मिस्त्री, तुना जमल काय?"

आतून बायको मोठ्यानं खाकरली. ती खूण होती. आमचं लग्न झाल्यापासून ती तशी खाकरतेय आणि मी तिला खडीसाखर आणून देतोय.

"जमेल का म्हणजे?" मी म्हणालो.

परवाना नसलेल्या माणसानं असल्या कामाला हात घालायचा नसतो, हे मला पुढं एका वकिलानं सांगितलं. तेव्हा कळलं असतं तरी मी थांबलो असतो असं नाही.

मी ठासणीची बंदूक त्याआधी फक्त लांबून बघितलेली. दादूसनीच ती मला समजावली. दारू बंदुकीच्या तोंडातून घालायची आणि गजानं ठासायची. मागच्या बाजूला बोटाच्या पेराएवढी एक छोटी नळी स्क्रूसारखी बसवलेली असते, तिला आरपार सुईएवढं भोक. तिच्या डोक्यावर आतून स्फोटक लावलेली तांब्याची छोटी टोपी बसवायची. चाप ओढला की घोडा टोपीवर आपटतो, टोपी पेटते, तिची ठिणगी त्या भोकातून आत दारूपर्यंत जाते. बस, एवढंच. दादूसच्या बंदुकीत ही छोटी नळी आपटून आपटून चेपली होती, आणि घोडा खिळखिळा होऊन नळीवर सरळ पडायच्या ऐवजी कडेला पडत होता. मी म्हणालो, एवढंच ना? एक नळी बनवायची आणि घोडा सरळ करायचा. दोन संध्याकाळचं काम.

पंधरा दिवस गेले त्यात.

पहिली नळी मी कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत बनवली, चांगल्या पोलादाची, आरशासारखी चकचकीत. खिशात घालून घरी आणली, दादूसना ओटीवर बोलावलं, दोन शब्द भाषणही केलं. आणि ती बसेचना. आटे जुळेनात. मी सहा मिलिमीटरचे आटे पाडले होते, कारण माझ्या मते जगात सहा मिलिमीटरचेच आटे असतात. पण ती बंदूक आपल्याकडं मिलिमीटर यायच्या कितीतरी आधीची. मी बंदूक बनवणाऱ्याला, त्याच्या वस्तादाला आणि इंचांना शिव्या दिल्या. दादूस तंबाखू चोळत शांत बसले होते. बायको म्हणाली, आधी मोजायचं ना. असली वाक्यं तिला कुठून सुचतात कळत नाही, आणि तीही नेमकी उशिरा.

मग मी मोजलं. जुन्या नळीचे आटे मोजून, तसे आटे हातानं घासून दुसरी नळी बनवली. ती पान्यानं पिळून बसवली, अशी घट्ट की माझ्याच हाताला घाम सुटला. मला वाटलं, आता हिला कुणी माईचा लाल हलवणार नाही. ते खरंच होतं, आणि त्याचा मला पुढं पश्चात्ताप झाला.

घोड्याचं काम त्याहून नाजूक. घोड्याचं तोंड नळीच्या डोक्यावर बरोबर मध्ये पडायला हवं, नाहीतर टोपी फुटते पण पेटत नाही. टूलरूममध्ये दोन भाग एकमेकांवर नीट टेकतात की नाही हे बघायला निळ्या शाईसारखं एक मलम लावतात. एकाला लावायचं, दुसऱ्यावर टेकवायचं, निळा डाग कुठं पडतो ते बघायचं. मी ते मलम घरी आणलं. रोज संध्याकाळी घोडा स्टोव्हवर लाल करायचा, मानेत केसभर वाकवायचा, गार करून बसवायचा, डाग बघायचा. डाग मध्ये यायला दहा दिवस लागले, पण तोवर तो इतर सगळीकडं पोचला होता. दुधाच्या पातेल्यावर, उशीच्या अभ्र्यावर, कॅलेंडरवरच्या गणपतीवर. दादूसना मिशा पिळायची सवय. त्यांच्या पांढऱ्याशुभ्र मिशा निळ्या झाल्या आणि तसेच ते गावभर हिंडले. गावानं त्यांना काही विचारलं नाही. मला मात्र पानवाल्यानं विचारलं की तुम्ही म्हाताऱ्याचं नक्की काय करताय.

जत्रेच्या आदल्या दिवशी परसात आम्ही नुसती टोपी लावून बघितली. आत दारू नाही, काही नाही. बंदुकीच्या तोंडासमोर दादूसच्या बायकोनं आंब्याचं पान धरलं. ती त्या वयातही कुणाला घाबरायची नाही. दादूसनी चाप ओढला. टोपी फट् करून पेटली आणि समोरचं पान थरथरलं. ठिणगी आरपार गेली होती. दादूस त्या पानाकडं बघतच राहिले. मग माझ्या पाठीवर हात ठेवला, जड हात, आणि तसाच ठेवून उभे राहिले. मला इतका आनंद झाला होता की काय सांगू. मी त्या संध्याकाळी आल्यागेल्या प्रत्येकाला ती बंदूक दाखवली आणि घोडा कसा पडतो ते हाताच्या मुठीनं करून दाखवलं. बायकोनं दोनदा आत बोलावलं, तरी गेलो नाही.

आणि मग मी तो उद्योग केला.

आमच्या टूलरूमचा एक नियम होता. मला शिकवणाऱ्या वस्तादानं तो कानाखाली वाजवून शिकवला होता: काम पूर्ण झालं की तेल-ग्रीस लावल्याशिवाय टेबलावरून हलवायचं नाही. त्यात आमच्या गावाला खाडी जवळ. खारट हवेनं रात्रीत खिळे तांबडे व्हायचे. माझी चकचकीत नळी, माझा घोडा, उद्या सगळा गाव बघणार, त्यांच्यावर गंजाचा एक ठिपका? छे. मी डबा काढला आणि बोटानं ग्रीस लावलं. घोड्याला लावलं, नळीला बाहेरून लावलं. मग वाटलं, आतून गंजली तर? म्हणून तिच्या भोकात काडीनं चांगलं दाबून भरलं. वरून फडक्यानं पुसून चकाकी आणली. माझं मन समाधानानं भरून आलं होतं. वस्तादानं बघायला हवं होतं, असंही वाटून गेलं.

जत्रेच्या दिवशी दुपार कलताना पालखी वेशीवर आली. चैत्रातलं ऊन, खाली नुकताच डांबर टाकलेला रस्ता, आणि भोई अनवाणी. देवीची पालखी मध्येच खाली टेकवायची नसते. दादूस नवं धोतर नेसून, फेटा बांधून वेशीच्या दगडापाशी उभे होते. त्यांनी दारू घातली, चिंध्यांचा बोळा ठासला. डबीतून टोपी काढून नळीवर बसवली. मी पांढरा शर्ट घालून अगदी पुढं उभा होतो, कारण नंतर लोक विचारतील की हे कुणी केलं, तेव्हा त्यांना फार शोधायला लागू नये.

दादूसनी बंदूक आभाळाकडं धरली आणि चाप ओढला.

फट्.

एवढाच आवाज. टोपी पेटली, आणि पुढं काही नाही. दादूसनी माझ्याकडं बघितलं नाही. दुसरी टोपी लावली. फट्. पालखीच्या दांड्याखाली भोई एक पाय उचलून दुसऱ्यावर उभे राहू लागले. मागून कुणीतरी म्हणालं, दरसालचंच हाय ह्या. मंडळाचं एक पोरगं सुतळी बॉम्ब आणि पेटती उदबत्ती घेऊन पुढं आलं. ते उद्धट नव्हतं, भोयांचे पाय भाजत होते म्हणून आलं होतं. दादूसनी बंदूक मुठीत आणखी आवळून धरली.

आणि तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. मी स्वतःच्या हातानं, काडीनं, भोक बुजवून ठेवलं होतं. नळी काढून साफ करावी तर पाना घरी. आणि ती मी अशी पिळून ठेवली होती की पाना असता तरी निघाली नसती.

मला त्या क्षणी पळून जावंसं वाटलं, अगदी मिरजेपर्यंत. पण त्या उदबत्तीवाल्या पोरानं सुतळी बॉम्ब खाली ठेवला आणि मी ओरडलो, "थांबा. बंदूक चांगली आहे. मी तिच्यात ग्रीस भरलंय."

गावाला कळेना मी काय म्हणतोय. बायकोला कळलं. ती बायकांच्या घोळक्यातून पुढं आली, मंगळसूत्राला अडकवलेल्या सेफ्टी पिनांतली सगळ्यात बारीक काढली आणि काही न बोलता माझ्या हातात दिली. ती काही बोलली नाही याचीच मला जास्त भीती वाटली. मी दादूसना घोडा मागं घेऊन धरायला सांगितलं, आणि पिन नळीच्या भोकात घालून ग्रीस उकरायला लागलो. पिन काढायची, शर्टाला पुसायची, पुन्हा घालायची. नवा पांढरा शर्ट. घामानं हात निसटत होते. भोई एकमेकांना धीर देत होते. कुणीतरी त्यांच्या पायांवर तांब्यानं पाणी ओतलं. देवीचा पुजारी म्हणाला, होऊ द्या, आई थांबलेली आहे. सगळा गाव त्या रणरणत्या उन्हात, एका मिस्त्रीकडं बघत उभा राहिला.

दादूसनी टोपी लावली. फट्. पण या वेळी भोकाशी बारीक धूर दिसला. मी म्हणालो, अजून एक, प्रत्येक टोपीनं आतलं ग्रीस जळतंय. पुन्हा फट्. मग लोकांचा धीर सुटू नये म्हणून मी त्यांच्याकडं तोंड केलं आणि खाडीची हवा, पोलादाला चढणारा गंज आणि ग्रीसचे फायदे यावर बोलायला लागलो. मी बोलताना समोरच्याकडं बघतो, मागं काय चाललंय याकडं माझं लक्ष नसतं.

बार झाला तेव्हा मी तोंड उघडं ठेवूनच खाली बसलो. कानात नुसती शिट्टी वाजत होती. धुराचा ढग झाला होता आणि त्यात जळक्या चिंध्या तरंगत खाली येत होत्या, त्यातली एक माझ्या डोक्यावर. पालखी हलली. ढोल वाजायला लागले, ते मला नुसते दिसत होते, ऐकू येत नव्हते. लोक हसत होते, काही जण रडत होते, म्हाताऱ्या बायका देवीला हात जोडत होत्या. दादूस बंदूक उभी धरून वेशीच्या दगडापाशी तसेच होते. पालखी त्यांच्या अंगाला घासून गेली. मी त्यांच्या जवळ जायला निघालो, पण त्यांनी पाठ फिरवली आणि पालखीमागं गेले.

पुढचे काही दिवस ते माझ्याशी बोललेच नाहीत. ओटीवरून जाता-येता नजर दुसरीकडं. मला झोप लागेना. त्यांचा शेवटचा बार, आणि मी सगळ्या गावापुढं त्यांना टोप्या उडवत उभं केलं. देवीला खोळंबून ठेवलं. बायको म्हणाली, जाऊन माफी मागा. मी म्हणालो, ते खोली रिकामी करा म्हणतील. ती म्हणाली, म्हणतील तर करू, पण मागा. तरी मी गेलो नाही. एवढी बडबड करणाऱ्या माणसाला त्या चार पायऱ्या चढून जाता येईना.

मग एका सकाळी तेच आले. बंदूक लुगड्यात गुंडाळलेली. म्हणाले, ठाण्यात जमा करायला चल, साहेबाशी बोलायला कुणी पाहिजे. मी रजा टाकली आणि गेलो. ठाण्यात हवालदारानं बंदूक घेतली, चिठ्ठी बांधली आणि आतल्या खोलीत नेऊन ठेवली. तिथं अशा बऱ्याच उभ्या होत्या, आसपासच्या गावांतल्या. लुगडं त्यानं परत दिलं. साहेबाशी बोलायला मला नेलं होतं, पण बोलायचं काही उरलंच नव्हतं.

बाहेर आलो. ठाण्यासमोर चिंचेखाली दादूस बसले. लुगड्याची घडी घालत होते, कडा जुळवून, सावकाश. मला राहवलं नाही. मी म्हणालो, दादूस, चुकलं माझं. पहिल्या टोपीला बार व्हायला हवा होता. माझ्यामुळं एवढा उशीर झाला.

त्यांनी घडी मांडीवर ठेवली. "उशीर झाला तं बेस झाला, मिस्त्री," ते म्हणाले. "तवरा वेल बंदूक माजे हातान रायली."

मी तोंड उघडलं. नेहमीसारखं काहीतरी बोलायला निघालो होतो, पण मी रडायलाच लागलो, भर रस्त्यात, येणारे-जाणारे बघत असताना. दादूसनी ते लुगडं माझ्यापुढं केलं. त्याला ग्रीसचा वास येत होता. मी त्यालाच डोळे पुसले.